दस्तगीरची पाळी

ज्या काळी निमसडीच्या वाटेवर डांबर नव्हतं आणि मोटार दिसली की पोरंच काय, म्हातारी माणसंही दारात येऊन उभी राहायची, त्या काळची ही गोष्ट. निमसडी रोड नावाचं स्टेशन तेव्हाही होतं. पण निमसडी नुसती पाटीवर होती. खरं गाव तिथून पाच मैल, माळाच्या पलीकडं. नवखा माणूस गाडीतून उतरायचा, गाव शोधायला इकडेतिकडे बघायचा, आणि त्याला दिसायचं एक लिंबाचं झाड, इंजिनाला पाणी द्यायची टाकी, आणि लिंबाखाली ओळीनं उभे असलेले अकरा टांगे.

त्या अकरांतला एक टांगा दस्तगीरचा होता. दस्तगीर उंच, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या घोडीचं नाव शेवंती. रंगानं ती पांढरी, पण उन्हात उभी राहिली की पिवळसर दिसायची, म्हणून शेवंती. दस्तगीरच्या हातात चाबूक असायचा, पण तो माश्या हाकलण्यापुरता. त्या चाबकाचा फटका शेवंतीच्या अंगाला एकदाही लागला नाही, असं म्हणतात.

स्टेशनात दिवसाला दोनच गाड्या थांबायच्या, एक पूर्वेकडं जाणारी आणि एक पश्चिमेकडं, आणि दोघींची गाठ दुपारी साडेबाराला तिथंच पडायची. गाड्या आल्या की बाकीचे दहा टांगेवाले वकिलांना, व्यापाऱ्यांना, तालुक्याच्या साहेबांना हाका मारत धावायचे. दस्तगीर जागचा हलायचा नाही. तो बायकांच्या डब्याकडं तोंड करून उभा राहायचा. गावातल्या सगळ्या लेकी माहेराला यायच्या त्या त्याच्या टांग्यातून, आणि सासरी जायच्या त्याही त्याच्याच टांग्यातून. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कुणाची पोर कुठल्या गावी दिली, तिला मुलं किती, सासू कशी, हे सारं त्याच्या डोक्यात होतं. लेक पायरीवर पाय ठेवायची तेव्हा तिनं कुठं जायचं ते सांगायचं नाही आणि त्यानं विचारायचं नाही, अशी रीत होती.

वाटेत माळावर एक दगडी डोणी होती. घोड्यांना पाणी पाजायला कुणी पुण्यवंतानं बांधलेली. तिथं प्रत्येक टांगा थांबायचा. दस्तगीर पाच मैलांच्या वाटेत लेकीला घरच्या सगळ्या खबरा सांगायचा. कोणाची गाय व्याली, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं छप्पर उडालं. पण वाईट खबर तो चालत्या टांग्यात सांगत नसे. तो डोणीपाशी खाली उतरायचा, शेवंतीच्या लगामाला हात घालून उभा राहायचा आणि मग सांगायचा. म्हणून लेकी डोणी जवळ आली की श्वास धरून बसायच्या. दस्तगीर बसल्या जागेवरून घोडीला पाणी पाजू लागला, तर घरी सगळं ठीक. तो खाली उतरला, तर कुणीतरी गेलं. मग तिथंच रडून घ्यायचं, डोणीतल्या पाण्यानं तोंड धुवायचं आणि पुढं निघायचं. घरी पोचल्यावर आईला सावरायला लेक मोकळी असायची.

गावात एक लोहार होता, गेनबा. लोहार आणि नालबंद दोन्ही तोच. अकरा टांग्यांच्या अकरा घोड्यांचे पाय त्याच्या मांडीवर यायचे. हात असा की नाल ठोकताना घोडं डोळे मिटून उभं राहायचं. दस्तगीर आणि गेनबा एका वयाचे, एका आळीतले. शेवंतीला नाल मारायचा असला की दोघांच्या गप्पा इतक्या लांबायच्या की दोघांच्याही बायका निरोपावर निरोप धाडायच्या.

गेनबाला एकच लेक, सगुणा. तिचं लग्न पूर्वेकडच्या एका गावात झालं होतं. तिसऱ्या वर्षी ती न सांगता, न बोलावता माहेरी आली. दस्तगीरनंच आणली.  पंधरा दिवसांनी सासरहून निरोप आला, आणि गेनबानं दस्तगीरला सांगितलं, "उद्याच्या गाडीनं हिला पोचती कर. लेक दिली ती दिली. गावात तोंड दाखवायला जागा राहिली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सगुणा टांग्यात बसली. आई दाराआडून बघत होती. बाप भट्टीपाशी पाठ करून बसला होता.

डोणीपाशी शेवंतीनं पाण्याला तोंड लावलं. त्या दिवशी दस्तगीर उतरला नाही, सगुणाच उतरली. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं चोळीची बाही कोपराच्या वर सारली. मग दुसरी. लोहाराच्या पोरीच्या हातावर ठिणगीचे डाग असायचेच. पण हे डाग ठिणगीचे नव्हते. उलथन्याचे होते.

"चाचा," ती म्हणाली, "मला पूर्वेच्या गाडीत बसवलंत तर मी पोचेन. पण परत यायची नाही."

 दस्तगीरनं विचारलं, पश्चिमेकडं तुझं कोण आहे? तिनं सांगितलं, कुणी नाही. पण तिकडच्या शहरात मोठा दवाखाना आहे, तिथं बाळंतिणींची सेवा करायला बायका घेतात, असं तिनं आगगाडीत एका बाईच्या तोंडून ऐकलं होतं. एवढ्या ऐकीव गोष्टीवर ती निघाली होती.

दुपारी साडेबाराला दोन्ही गाड्या समोरासमोर येऊन थांबल्या. दस्तगीरनं तिला पश्चिमेच्या गाडीत बसवलं. गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजाला धरून तो चार पावलं चालला आणि म्हणाला, "पोरी, ज्या दिवशी यावंसं वाटेल त्या दिवशी ये. जोवर मी आहे तोवर दुपारच्या गाडीला मी इथं उभा असेन. तुला घ्यायला कुणी नाही, असं व्हायचं नाही."

हा शब्द त्या दोघांपलीकडं कुणाला ठाऊक नव्हता.

तो गावात आला तो सरळ गेनबाच्या भट्टीवर गेला. गेनबानं विचारलं, बसवलीस? दस्तगीर म्हणाला, बसवली, पण पूर्वेच्या गाडीत नाही. मग त्यानं पोरीच्या हातांबद्दल सांगितलं. गेनबाच्या सांडशीत तापून लाल झालेला नाल होता. शेवंतीसाठीच घडवत होता तो. त्यानं ऐकून घेतलं, नाल तसाच पाण्यात बुडवला आणि तो काळा पडेपर्यंत बघत राहिला.

"आजपासून तुझ्या जनावराचा पाय माझ्या मांडीवर यायचा नाही," तो म्हणाला.

दस्तगीर मान खाली घालून बाहेर आला. त्यानंतर शेवंतीला नाल मारायला तो नऊ मैलांवरच्या बाजारगावी जाऊ लागला. नऊ मैल जायचं, नऊ मैल यायचं. भट्टी त्याच्या रोजच्या वाटेवर होती. तिच्यासमोरून जाताना शेवंती दुसरीकडं मान फिरवायची, असं म्हणतात. जनावराला कोण सांगायला गेलं होतं?

सासरची माणसं येऊन भांडून गेली. पोरीचा काही पत्ता लागला नाही. तिला लिहिता येत नव्हतं, आणि लिहून घेतलं असतं तरी कुणाच्या नावावर पाठवायचं? एक वर्ष गेलं, दोन गेली. दस्तगीर रोज साडेबाराला स्टेशनात उभा. गावाला वाटायचं, धंदा आहे, उभा राहतो. पण त्याच्या मनात एकच प्रश्न असायचा. आपण पोरीला गाडीत बसवली की विहिरीत ढकलली, हे त्याला कळत नव्हतं. बायकांच्या डब्यातून प्रत्येक पाऊल खाली पडायचं तेव्हा त्याचं काळीज थांबायचं, आणि ते पाऊल दुसऱ्या कुणाच्या लेकीचं निघालं की पुन्हा चालू व्हायचं.

संध्याकाळी टांगा आळीत शिरला की सगुणाची आई भट्टीपलीकडच्या घराच्या दारात यायची. घोडीला घालायचं निमित्त करून हातात भाकरीचा तुकडा घ्यायची. तोंडानं काही विचारायची नाही, नवरा आत बसलेला. नुसतं दस्तगीरकडं बघायची. दस्तगीर मान हलवायचा. शेवंती भाकरी खायची आणि टांगा पुढं जायचा. असं अकरा वर्षं चाललं. बाराव्या वर्षी दाराशी कुणी आलं नाही. शेवंती तरी तिथं थांबली, आणि दस्तगीरनं तिला हाकललं नाही.

मग वाटेवर खडी पडली, खडीवर डांबर पडलं आणि निमसडीला एस.टी. आली. लाल रंगाची, नवी कोरी. टांग्याला दीड तास लागायचा तिथं ती वीस मिनिटांत पोचायची. पहिल्या दिवशी टांगेवाल्यांनीच तिला नारळ फोडला. आपलं काय होणार, हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही. वर्षभरात सहा टांगे मोडले. एकानं घोडा वरातीच्या बँडवाल्याला विकला. एकानं टांग्याची पेटी परसात ठेवली, तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. अंतोबा परटाच्या टांग्याचे दोन्ही कंदील मारुतीच्या देवळात गेले. आणखी चार वर्षांनी लिंबाखाली एकच टांगा उरला. स्टेशनापाशी घोड्यांसाठी खणलेला हौद बुजवला आणि त्यावर एस.टी.ची शेड उभी राहिली. गावात घोड्याच्या लिदीचा आणि ओल्या हरभऱ्याचा जो वास सकाळी असायचा, तो कधी गेला ते कुणाला कळलंही नाही. गेनबाकडं नाल ठोकायला जनावर येईना. तो विळे आणि खुरपी शेवटत, त्यांना धार काढत बसायचा.

दस्तगीरची बायको जैबुनबी एकदा म्हणाली, घोडी म्हातारी झाली, तुम्ही म्हातारे झालात. तिला सोडा, टांगा विका, लेकाच्या दुकानात बसा. तेव्हा दस्तगीरनं तिला पहिल्यांदा सगुणाला दिलेला शब्द सांगितला. जैबुनबीनं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून शेवंतीचा हरभऱ्याचा तोबरा ती स्वतः भरू लागली.

गाव आता हसायचं. रिकामा टांगा रोज पाच मैल जातो आणि रिकामाच परत येतो. कधी पेंडीची पोती, कधी कुणाचं टपाल, बस एवढंच. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं बायका म्हणायच्या. ज्या बायका त्याच्या टांग्यातून नवऱ्या होऊन गेल्या होत्या, त्याही. आणि तरी स्टेशनमास्तर गाडीच्या वेळेला आपलं घड्याळ टांगा दिसला की लावायचा, असं म्हणतात. तो दिसला म्हणजे बारा वाजून वीस मिनिटं.

सगुणा गेली त्याला बावीस वर्षं झाली. दस्तगीरच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्याला माणसं धुक्यातल्यासारखी दिसायची. शेवंतीचं वय किती होतं, हे विचारू नका. घोडं इतकं जगत नाही. पण शेवंती जगली, असं म्हणतात.

चैत्रातली दुपार होती. पश्चिमेकडून गाडी आली. चारपाच माणसं उतरली, एस.टी.चा कंडक्टर निमसडी, निमसडी ओरडत होता, माणसं तिकडं गेली. बायकांच्या डब्यातून एक बाई उतरली. पांढरं लुगडं, पिकू लागलेले केस, हातात कातडी बॅग. कंडक्टरनं तिला हाक मारली. ती त्याच्या बाजूनं निघून लिंबाखाली आली आणि उभी राहिली.

दस्तगीरला ती दिसली नाही. पण शेवंतीनं मान वर केली आणि ती खिंकाळली. कित्येक वर्षांत तिनं तोंडातून आवाज काढला नव्हता.

"चाचा," बाई म्हणाली, "अजून उभे आहात?"

दस्तगीरनं हात पुढं केला, तिची बॅग चाचपून घेतली, ती पायरीशी ठेवली.  तो एवढंच म्हणाला, "बस, बाई. ऊन फार आहे."

ती दवाखान्यात मोठी दाई झाली होती. हजारांवर मुलं तिच्या हातांत जन्माला आली होती. इतकी वर्षं तिला यायचा धीर झाला नव्हता, बाप दारातून परत पाठवील ही भीती. महिन्यापूर्वी निमसडीकडची एक बाळंतीण तिथं आली. तिनं बोलता बोलता सांगितलं, की आमच्याकडं एक वेडा टांगेवाला आहे, रोज रिकामा टांगा घेऊन गाडीला जातो, कशासाठी ते कुणालाच माहीत नाही. सगुणाला माहीत होतं. ती त्या रात्री झोपली नाही, आणि महिन्याच्या आत तिनं काम सोडलं.

टांगा डोणीपाशी आला. पाणी आटलं होतं, कुणाला लागत नव्हतं. दस्तगीर हळूहळू खाली उतरला आणि त्यानं शेवंतीचा लगाम धरला. सगुणानं पदर तोंडात धरला.

"आई गेली तुझी," तो म्हणाला. "अकरा वर्षं झाली. ती गेली त्या दिवशीसुद्धा मी गाडीला आलो होतो."

सगुणा रडली. तोंड धुवायला पाणी नव्हतं, तेव्हा दस्तगीरनं आपली पाण्याची किटली दिली. मग तिनं विचारलं, बाबा?

"बाप आहे. नजर गेली, हात कापतो. पण दार उघडेल की नाही, ते मला सांगता यायचं नाही."

स्टेशनातली एस.टी. त्यांच्या आधी निघून गेली होती. ती ओढ्यापाशी वाफ सोडत बंद पडली आणि टांगा पुढं निघून जाईपर्यंत जागची हलली नाही, असं म्हणतात.

टांगा आळीत शिरला. भट्टी आली. आणि जी शेवंती बावीस वर्षं भट्टीच्या दारावरून मान फिरवून जायची, ती त्याच दाराशी येऊन उभी राहिली. दस्तगीरनं लगाम हलवला, ती हलेना. तिच्या पुढच्या उजव्या पायाचा नाल निसटून रस्त्यावर पडला होता. कुणी म्हणतं एक नाल, कुणी म्हणतं चारही.

नाल दगडावर पडल्याचा आवाज गेनबानं ओळखला. आयुष्यभर तोच आवाज ऐकलेला. तो भिंत धरून बाहेर आला, चाचपत शेवंतीपाशी गेला आणि खाली बसला. टांग्यात कोण आहे, हे त्यानं विचारलं नाही. दस्तगीरशी बोलला नाही. त्यानं शेवंतीचा पाय उचलला, मांडीवर घेतला आणि खुरावर अंगठा फिरवत बसला.

"बाजारगावच्या त्या माणसाला हात नाही," शेवटी तो म्हणाला. "खूर केवढा कापलाय."

मग तो आत जाऊन भट्टीशी बसला. जुना नाल निखाऱ्यात खुपसला, पण निखारे विझत आले होते आणि भाता ओढायला कुणी नव्हतं. एका हातानं सांडशी आणि दुसऱ्यानं भाता, हे आता त्याला जमत नव्हतं. सगुणा टांग्यातून उतरली. चपला बाहेर काढल्या, उंबरा ओलांडून भात्यापाशी बसली आणि ओढू लागली. भट्टी फुलली. गेनबाचा चेहरा उजेडात आला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते.

"हळू ओढ," तो म्हणाला. "तुझी नेहमीची घाई."

दाराशी शेवंतीचा लगाम धरून दस्तगीर उभा होता. त्याला दिसत काही नव्हतं, पण ऐरणीवर हातोडा पडू लागला तेव्हा तो पायरीवर बसला आणि उन्हात तसाच बसून राहिला.

सगुणा मग गावातच राहिली. आजूबाजूच्या दहा गावांची बाळंतपणं तिनं केली. दस्तगीरचा शब्द पुरा झाला होता, टांगा सोडायला आता हरकत नव्हती. लोकांना वाटलं, उद्यापासून तो यायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी बारा वाजून वीस मिनिटांनी तो लिंबाखाली होता. सगुणानं विचारलं तेव्हा म्हणाला, तू काय एकटीच होतीस का?

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी त्यानं अंथरूण धरलं. एके सकाळी तो उठू लागला, पण त्याला उठवेना. जैबुनबी त्याला धरून बसली. टांगा जोडायची वेळ होत आली तसा तो तळमळू लागला. हे गेनबाच्या कानावर गेलं. गेनबाला टांगा हाकता येत नव्हता आणि डोळ्यांना दिसतही नव्हतं. त्यानं येऊन शेवंतीला टांग्याला जोडून घेतलं, तिचा लगाम हातात धरला आणि तिच्या बाजूनं पायी निघाला. पाच मैल. वाट कोण कुणाला दाखवत होतं, देव जाणे. रस्त्यावरच्या एस.टी.तल्या लोकांनी पाहिलं, रिकामा टांगा, म्हातारी घोडी आणि तिच्या मानेला हात लावून चाललेला आंधळा लोहार. त्या दिवशी एस.टी.त कुणी हसलं नाही, असं म्हणतात.

दिवस कलता तो परत आला आणि दस्तगीरच्या उशाशी बसला.

"कोण उतरलं?" दस्तगीरनं विचारलं.

"कुणी नाही. बायकांच्या डब्यापाशीच उभा होतो. शेवटचा डबा जाईपर्यंत थांबलो."

"बरं केलंस. आणि उद्या?"

"उद्याही जातो."

दस्तगीर त्याच रात्री, पहाटेच्या सुमाराला गेला. गेनबा उद्याही गेला, परवाही गेला. पायांनी जमेना झालं तेव्हा अंतोबा परीट म्हणाला, उद्या मी जातो. मग सुताराचं घर, मग गुरवाचं, मग पाटलाचं. कुणी ठरवलं नाही, पण पाळी लागली.

ती अजून चालू आहे. निमसडी रोडला आता दुपारची एकच गाडी थांबते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं रोज एका घराचं नाव लिहिलेलं असतं, आणि वर लिहिलेलं असतं, दस्तगीरची पाळी. ज्याचं नाव, त्या घरचं कुणीतरी साडेबाराला स्टेशनात जाऊन उभं राहतं. कुणी मोटारसायकल नेतो, कुणी टेम्पो, कुणी ट्रॅक्टर. लग्न असो, सुतक असो, भावाभावांत बोलणं बंद असो, पाळी चुकत नाही. घरातली माणसं नसली तर शेजारचा जातो. बहुतेक दिवशी कुणी उतरत नाही. पाळीचा माणूस शेवटचा डबा निघून जाईपर्यंत थांबतो आणि गाडी वळवतो.

परगावचे लोक विचारतात, आता घरोघर फोन आहेत, येणारी पोर आधी कळवते, मग रोज माणूस कशाला घालवता?

निमसडीच्या बायका सांगतात, जिला कळवता येत नाही, तिच्यासाठी.